ग्रंथनामापासून सामान्यनामापर्यंत

संकल्पना

शीर्षकाचे मूळ काम मर्यादित असते: एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकापासून वेगळे ओळखता यावे. काही थोडी शीर्षके मात्र या कामापलीकडे जातात. पुस्तक न वाचलेला माणूस, लेखकाचे नाव न घेता, पुस्तकाशी संबंध नसलेल्या प्रसंगी ते शीर्षक वापरू लागला की त्या शीर्षकाचा सांस्कृतिक विस्तार झाला असे समजावे. व्याकरणही याची साक्ष देते. विशेषनामाला सहसा अनेकवचन नसते, पण ‘महाविद्यालयातले सगळे देवदास’ असे बोलले जाते आणि ते कोणाच्या कानाला खटकत नाही. शीर्षक येथे सामान्यनाम झालेले असते. कधी त्याचे विशेषण होते, तर कधी नवी वाक्ये ओतण्याचा साचा. या स्थित्यंतराची उदाहरणे पाश्चात्त्य साहित्यातून देण्याची प्रथा आहे, परंतु त्यातील सर्वांत टोकाचे उदाहरण मराठी वाचकाच्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि ते इतके रुळले आहे की उदाहरण म्हणून सहसा सुचतही नाही.

‘कादंबरी’: नायिका, ग्रंथ, वाङ्मयप्रकार

सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ हा संस्कृत गद्यग्रंथ लिहायला घेतला. तो अपुरा राहिला आणि बाणाच्या मुलाने उत्तरभाग लिहून पूर्ण केला. कादंबरी ही त्यातील गंधर्वराजकन्या. एक चांडालकन्या शूद्रक राजाच्या दरबारात पोपट घेऊन येते, तो पोपट जाबाली ऋषींकडून ऐकलेली हकीकत सांगतो, आणि त्या हकीकतीच्या पोटात चंद्रापीड व कादंबरी, पुंडरीक व महाश्वेता यांच्या जन्मोजन्मीच्या प्रेमाची कथा उलगडते. नायिका रंगमंचावर येते तोवर बरेच कथानक उलटून गेलेले असते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या वर्गीकरणात हा ग्रंथ ‘कथा’ या प्रकारात मोडतो, तर बाणाचेच ‘हर्षचरित’ ‘आख्यायिका’ ठरते. म्हणजे ‘कादंबरी’ हे प्रकाराचे नाव संस्कृतात कधीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर दीर्घ गद्यकथनाचा नवा प्रकार मराठीत आला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या प्रकाराला म्हणायचे काय, याचा निकाल लगेच लागला नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकात ‘नावल’ हाच शब्द आहे. अखेर टिकला तो ‘कादंबरी’. त्या काळचे लिहिणारे बहुधा संस्कृत शिकलेले होते, आणि गद्यात लिहिलेली, कल्पित, लांबलचक गोष्ट म्हटली की त्यांच्यासमोर पहिला नमुना बाणाचा येई. शिवाय ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कथा होत्या. सद्गुणी नायिका, विरह, योगायोग आणि शेवटी मीलन ही त्यांची घडण बाणाच्या ग्रंथाला जवळची होती. नाव बसले तेव्हा ते बरेचसे शोभूनही दिसले. पुढे हरि नारायण आपटे यांनी या प्रकाराला वास्तवाकडे वळवले, तेव्हा नावातला गंधर्वलोक मागे पडला आणि नाव मात्र कायम राहिले.

शेजारच्या भाषांची निवड

हीच गरज सर्व भारतीय भाषांपुढे जवळपास एकाच काळात उभी होती, आणि त्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. बंगाली व हिंदीने ‘उपन्यास’ हा जुना संस्कृत शब्द नव्या कामाला लावला. गुजरातीने इंग्रजी शब्दाचा ध्वनी आणि नवेपणाचा अर्थ दोन्ही साधत ‘नवलकथा’ घडवला, तेलुगूने ‘नवल’ घेतला. एका विशिष्ट ग्रंथाचे शीर्षकच प्रकाराचे नाव म्हणून स्वीकारले ते मराठी, कन्नड व कोकणी या सलग पट्ट्यातील भाषांनी. कन्नडमध्ये ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जो शब्द एका भाषेत दुसऱ्या कामात गुंतलेला होता, तो तेथे या कामासाठी मोकळा नव्हता. भाषेतील रिकामी जागा कोणती आणि हाताशी असलेले नाव कोणते, यांच्या जुळणीवर शीर्षकाचे भवितव्य बरेचसे ठरते.

‘कॅच-२२’: शीर्षकाची जडणघडण

‘कादंबरी’ हे नाव ग्रंथाच्या बाराशे वर्षांनंतर पसरले. जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’ला त्यासाठी काही वर्षेच लागली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर बॉम्बफेकी विमानातून साठ मोहिमा केलेल्या हेलर यांनी या कादंबरीचे पहिले प्रकरण १९५५ मध्ये एका अमेरिकी वाङ्मयीन संकलनात प्रसिद्ध केले, ते ‘कॅच-१८’ या नावाने. पूर्ण पुस्तक छापायला निघाले त्याच वर्षी लिऑन युरिस यांची ‘मिला १८’ ही वॉर्साच्या ज्यू वस्तीतील उठावावरची कादंबरी येत होती. दोन अठरांचा गोंधळ टाळण्यासाठी हेलर व त्यांचे संपादक रॉबर्ट गॉटलिब यांनी इतर काही आकडे चाचपून पाहिले आणि बावीसवर शिक्कामोर्तब केले. कादंबरीत प्रसंग आणि संवाद पुन्हापुन्हा दुहेरी होऊन येतात, त्याला दोन वेळा येणारा दोनचा अंक साजेसा होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. या आकड्यामागे कोणताही खरा लष्करी नियम नव्हता. अर्थापासून सुटा असलेला असा आकडा पुढे कोणत्याही संदर्भात सहज बसतो.

नियमाची रचना

इंग्रजीतील ‘कॅच’ म्हणजे मराठीत ज्याला ‘मेख’ म्हणतात ती: सरळ दिसणाऱ्या व्यवहारात दडवलेली अडचण. कादंबरीतील वैमानिकांना मोहिमांची ठरावीक संख्या पूर्ण झाल्यावर घरी जाता येते, पण संख्या गाठत आली की वरिष्ठ ती वाढवतात. सुटकेचा दुसरा मार्ग वेडेपणाचा. वेडा ठरलेल्या माणसाला उड्डाणातून वगळलेच पाहिजे, मात्र त्याने तशी मागणी करायला हवी. मागणी केली की तो स्वतःच्या जिवाची काळजी करतो असे सिद्ध होते. जिवाची काळजी करणारा माणूस शहाणा, आणि शहाण्याने उड्डाण केलेच पाहिजे. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तर्कशुद्ध आहे, सर्व मिळून दार बंद करतात.

नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, बँकेच्या खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी खात्याचे पासबुक चालते, ही या रचनेची नागरी रूपे. विसाव्या शतकात कार्यालये, परवाने आणि नमुने यांचे राज्य जसजसे वाढले तसतसा या अनुभवाला नावाची गरज भासू लागली, आणि नाव तयार होते. मराठी वृत्तपत्रांतही आज ‘कॅच-२२ परिस्थिती’ असा प्रयोग स्पष्टीकरणाशिवाय छापला जातो. तो पुष्कळदा चुकीच्या जागी असतो. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या स्थितीत दोन वाटा असतात आणि दोन्ही वाईट असतात. कॅच-२२ मध्ये वाट एकच असते, आणि तिच्या कुलपाची किल्ली आत ठेवलेली असते.

लोकोक्तीशी स्पर्धा

या रचनेसाठी मराठीत शब्द नव्हता असेही नाही. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ही म्हण तर्काच्या अंगाने नेमकी तीच आहे, आणि तिच्यातही वेडच आहे. तरीही दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी टिकले, कारण त्यांची क्षेत्रे निराळी आहेत. म्हण घरगुती पेचासाठी वापरली जाते, तिच्यात दोष कोणा एकाचा नसतो. आयात शीर्षकात नियम करणारी, चेहरा नसलेली यंत्रणा गृहीत आहे.

जेथे देशी शब्दाने पूर्ण जागा व्यापलेली असते तेथे आयात शीर्षक रुजत नाही. मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ ची. निर्मात्यावरच उलटलेली निर्मिती या अर्थाने ते नाव युरोप-अमेरिकेत सर्वत्र चालते, १९९२ पासून जनुकबदल केलेल्या अन्नाला त्याच नावाचा तुकडा जोडून हिणवलेही जाते. मराठीत मात्र संपादकीयांना ‘भस्मासुर’ पुरतो. वरदान देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला असुर इतका परिचित आहे की दूरच्या शास्त्रज्ञाची गरज क्वचित पडते.

‘देवदास’: पडद्याचे वाहन

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आली. बंगालबाहेर तिचे नाव पोचवले ते मुख्यतः चित्रपटांनी. १९२८ चा मूकपट, न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी केलेला १९३५ चा बंगाली बोलपट, कुंदनलाल सैगल यांचा १९३६ चा हिंदी बोलपट, १९५३ चा तेलुगू व तमिळ, १९५५ मध्ये बिमल रॉय यांनी दिलीपकुमारना घेऊन केलेला, २००२ मध्ये संजय लीला भन्साळींचा. बिमल रॉय हे बरुआंच्या चित्रपटाचे छायाचित्रणकार होते, त्यामुळे वीस वर्षांच्या अंतराने तीच कथा एका हातातून दुसऱ्या हातात न जाता पुन्हा त्याच हाताकडे आली असे म्हणता येईल. प्रत्येक पिढीला आपापला देवदास मिळत गेला, आणि शीर्षकाला पुस्तकाच्या खपावर अवलंबून राहावे लागले नाही.

महाराष्ट्रात या शीर्षकाला उत्तरही मिळाले. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३९ मध्ये मराठीत ‘माणूस’ व हिंदीत ‘आदमी’ काढला. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट ‘देवदास’मधील पराभववादाचा प्रतिवाद म्हणून ओळखला जातो. प्रेमभंग झालेला नायक येथेही कोसळतो, पण अखेरीस कर्तव्याकडे परततो. एखाद्या शीर्षकाला उत्तर देणारी दुसरी कलाकृती निर्माण व्हावी, याचा अर्थ ते तोवर एका वृत्तीचे नाव झालेले असते.

अर्थाची गळती

सामान्यनाम होताना शीर्षकातून बरेच काही सांडते, आणि जे सांडते ते नेहमी किरकोळ नसते. बोलीतला देवदास म्हणजे दाढी वाढवलेला, बाटली जवळ केलेला, प्रेमात हरलेला तरुण. त्याच्याविषयी थट्टा असते, पण मुळाशी सहानुभूती असते. मूळ कादंबरीतील देवदास वेगळा आहे. त्याची बालमैत्रीण पारो लोकापवादाची भीती बाजूला ठेवून रात्री त्याच्याकडे येते, आणि तो वडिलांच्या विरोधापुढे उभा राहत नाही. पुढे भेटीत तो तिच्या कपाळावर मासेमारीच्या काठीने वार करतो. कादंबरीचा गाभा प्रेमभंगाहून अधिक निर्णय न घेण्याच्या दुबळेपणात आहे. शब्द झालेल्या देवदासमध्ये हा दुबळेपणा आणि तो वार दोन्ही शिल्लक नाहीत, उरला आहे तो वेष.

‘कॅच-२२’चेही अर्धेच घेतले गेले. कादंबरीच्या उत्तरार्धात रोममधील एक वृद्धा सांगते की सैनिक मुलींना घेऊन गेले आणि अधिकार विचारला तेव्हा त्यांनी केवळ या नियमाचे नाव घेतले. नियम दाखवण्याचीही त्यांना गरज नव्हती. असा नियम मुळात अस्तित्वातच नाही, हे नायक योसारियनला तेथे कळते, आणि लोक तो मानतात तोवर त्याने फरक पडत नाही हेही कळते. लोकांनी उचलला तो तर्काचा गमतीदार गोल. सत्तेविषयीचे हे अधिक कडू विधान पुस्तकातच राहिले.

व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या १९५५ च्या ‘लोलिता’मध्ये अर्थ गळला नाही, उलटा झाला. कादंबरीतील मुलीचे नाव डोलोरेस. लोलिता हे तिचे शोषण करणाऱ्या निवेदकाने तिला दिलेले नाव. लोकव्यवहारात ते ‘मोहात पाडणारी अल्पवयीन मुलगी’ या अर्थाने रूढ झाले. म्हणजे आरोपीचा जबाब शब्दकोशात गेला. शीर्षकांच्या विस्ताराचा विचार करताना हे उदाहरण गंमत म्हणून घेता येत नाही.

वर्षाचे शीर्षक

जॉर्ज ऑर्वेल यांच्या मनात आपल्या कादंबरीसाठी असलेल्या नावांपैकी एक होते ‘युरोपातील अखेरचा माणूस’. जून १९४९ मध्ये ती ‘नाइन्टीन एटी-फोर’ म्हणून प्रसिद्ध झाली. वर्ष हे शीर्षक म्हणून जोखमीचे असते, कारण ते उलटून जाते. जानेवारी १९८४ मध्ये अॅपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकाची जाहिरात याच शीर्षकावर बेतली; रिडली स्कॉट यांनी ती दिग्दर्शित केली होती. वर्ष सरल्यावरही आकड्याचा अर्थ ओसरला नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतयंत्रणा उघड केली तेव्हा जुन्या कादंबरीचा खप एकदम वाढला. तारीख म्हणून वाचला जाणारा आकडा पाळतीच्या राज्याची खूण झाला होता.

याच कादंबरीतील, सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या सत्ताधीशाच्या ‘बिग ब्रदर’ या नावाचा प्रवास अधिक विचित्र आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये त्या नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, भारतात तो ‘बिग बॉस’ झाला आणि २०१८ पासून मराठीतही आला. ऑर्वेल यांच्या जगात सतत पाहिले जाणे ही शिक्षा आहे. कार्यक्रमात त्यासाठी स्पर्धा असते.

मराठी शीर्षकांची वाट

हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. यमू या विधवेने सांगितलेली आपली कहाणी असे तिचे स्वरूप. शीर्षक म्हणजे नाम नसून अख्खे वाक्य, तेही घराघरांत बोलले जाणारे. असे शीर्षक नवा अर्थ देत नाही, असलेल्या बोलण्याला वजन देते. आज ते रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयीच्या वाचकपत्रावर आणि पाणीटंचाईच्या बातमीवर सारख्याच सहजतेने बसते, आणि अनेकदा लिहिणाऱ्याला त्यामागची यमू आठवत नाही.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ‘श्यामची आई’ आठवणी की कादंबरी, यावर मतभेद होऊ शकतो. शीर्षकाच्या विस्ताराबद्दल तो होण्याचे कारण नाही. संस्कार करणाऱ्या, कष्टाळू, गरिबीतही ताठ राहणाऱ्या आईचे ते नाव झाले आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळाले आणि शीर्षकाला येथेही पडद्याचे बळ लाभले. विरोधाने वापरले तरी त्याचा अर्थ तोच राहतो: ‘आजच्या आईने श्यामची आई व्हावे का’ या प्रश्नात मापदंड गृहीतच असतो.

अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला. राज्यात सत्तापालटाचे नाट्य घडले की हे नाव वृत्तपत्रांत परतते, आणि सोबत निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीसही. सगळे पाहून शेवटी वेड्यासारखा हसत सुटलेला वार्ताहर ही पत्रकारांनी स्वतःसाठीच उचललेली प्रतिमा आहे.

मराठीची एक खास सोय म्हणजे ‘कार’ हा प्रत्यय. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत, ‘स्वामी’कार रणजित देसाई, ‘कोसला’कार भालचंद्र नेमाडे, ‘झोंबी’कार आनंद यादव. येथे शीर्षक जगाकडे न जाता उलट लेखकाकडे वळते आणि त्याच्या नावाला उपाधीसारखे चिकटते. ही उपाधी मानाची खरी, पण लेखकाने नंतर लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ती उभी असते.

साचा म्हणून वापर

काही शीर्षके अर्थापेक्षा आकारामुळे टिकतात. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९८५ च्या कादंबरीच्या शीर्षकात प्रेम व कॉलरा यांची जोडी आहे. २०२० मध्ये कॉलराच्या जागी करोना घालून जगभर मथळे तयार झाले. रशियात याची जुनी परंपरा दिसते. निकोलाय चेर्निशेव्हस्की यांनी १८६३ मध्ये ‘काय करावे?’ ही कादंबरी लिहिली, तोच प्रश्न तॉलस्तॉय यांनी आपल्या सामाजिक लेखनाच्या शीर्षकात घेतला, आणि लेनिन यांनी १९०२ मध्ये पक्षबांधणीवरच्या पुस्तिकेला जाणीवपूर्वक तेच नाव दिले.

मालकीचा प्रश्न

हा सारा प्रवास शक्य होतो याला कायद्याचीही बाजू आहे. स्वामित्वहक्क कृतीला मिळतो. चार शब्दांच्या शीर्षकाला स्वतंत्र साहित्यकृती मानले जात नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉइज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात हेच तत्त्व लागू केले. व्यापारचिन्हाचे संरक्षण काही प्रसंगी, विशेषतः मालिकेच्या नावाला, मिळू शकते, पण ते बाजारातील वस्तूपुरते असते. बोलण्यात आलेल्या शीर्षकाबद्दल लेखकाला मोबदला मागता येत नाही आणि चुकीच्या वापराला हरकतही घेता येत नाही.

मर्यादा

लोकप्रियता ही या विस्ताराची पुरेशी अट नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या, परंतु ‘ययाती’ म्हणजे अतृप्त भोगी हा अर्थ महाभारतातूनच प्रचलित होता. कादंबरीने त्याला नवे आयुष्य दिले, पण तो अर्थ तिच्या मालकीचा झाला नाही. ‘फकिरा’, ‘बनगरवाडी’ यांसारखी शीर्षके एका व्यक्तीशी किंवा एका गावाशी इतकी घट्ट बांधलेली आहेत की ती सुटी करून दुसरीकडे लावणे अवघड जाते. साहित्यकृती म्हणून हा त्यांचा उणेपणा नाही. उलट पुष्कळदा चांगल्या पुस्तकाचे शीर्षक पुस्तकातच राहते. विस्तारलेले शीर्षकही कायमचे नसते. इव्हान गोंचारोव्ह यांच्या १८५९ च्या ‘ओब्लोमोव्ह’वरून, त्याच वर्षी समीक्षक दोब्रोल्युबोव्ह यांच्या निबंधानंतर, अंथरुणातून न उठणाऱ्या जमीनदारी आळसाला रशियन भाषेत नाव मिळाले आणि ते आजही चालते. रशियाबाहेर मात्र त्या नावाचा अर्थ सांगावा लागतो.